लाडावलेला लामा

वेंडेल क्राऊसला लामाने पहिल्यांदा आडवा पाडला, तेव्हा वेंडेलला ते प्रेम वाटलं. दुसऱ्यांदा पाडला तेव्हाही वाटलं. तिसऱ्यांदा लामाने त्याला मागून येऊन पाडला, छातीवर गुडघे टेकले आणि कानाशी अशी किंकाळी फोडली की शेजारच्या आवारातला हॉलिस झाडांना पाणी घालायचं सोडून कुंपणापाशी आला. चिखलात पडल्या पडल्या वेंडेल त्याला म्हणाला, "खेळतोय."

"कोण?" हॉलिसने विचारलं. "तू की तो?"

आता हा लामा, म्हणजे उंटाच्या जातीचं हे लोकरीचं जनावर, क्राऊसांच्या घरी आला कसा हे सांगायचं तर आधी डुकराचं सांगावं लागतं, आणि डुकराचं नाव त्या घरात काढायचं नाही असा वेंडेलच्या बायकोचा, डोरीनचा नियम होता. तेव्हा थोडक्यातच. ब्रॅनिगन काउंटीत पोरं बारा-तेरा वर्षांची झाली की क्लबात नाव घालतात, एखादं जनावर वाढवतात, ऑगस्टच्या जत्रेत ते रिंगणात फिरवून दाखवतात, बक्षिसाची फीत मिळवतात, आणि शनिवारी त्या जनावराचा लिलाव होतो. लिलावानंतर ट्रक येतो. ट्रक कुठे जातो हे काउंटीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. वेंडेलची एकुलती एक लेक ग्रेटा, तिलाही ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि ट्रकचं दार लागताना आपलं डुक्कर आपल्याकडे वळून बघतंय हे बघणं वेगळं. पुढे थंडी पडेपर्यंत तिने घरात बेकन, म्हणजे डुकराचं मांस, तळू दिलं नाही, आणि बापाशी बोलणं जे कमी केलं ते कमीच राहिलं. मिठी मारणं तर बंदच. डोरीन म्हणायची, वय आहे. वेंडेल म्हणायचा, डुक्कर आहे.

म्हणून त्याने असं जनावर शोधून काढलं की ज्याच्या गोष्टीला शेवटच नाही. लामा. वेंडेल विमा कंपनीत दावे तपासायचा. कोणाचं छप्पर उडालं, कोणाच्या तळघरात पाणी शिरलं की जाऊन बघायचं, आणि हे आपल्या पॉलिसीत का बसत नाही ते गोड शब्दांत सांगायचं. धोका ओळखणं हेच त्याचं पोट भरण्याचं साधन होतं. त्यामुळे लामात धोका नाही असं तो म्हणाला तेव्हा कोणी वाद घातला नाही.

"दूध काढतात का त्याचं?" हॉलिसने तेवढं विचारलं.

"नाही."

"मांस?"

"आपल्याकडे कोणी खात नाही."

"मग करतात काय त्याचं?"

"काही नाही. जत्रेत फिरवायचा आणि घरी परत आणायचा."

हॉलिसने बराच विचार केला. "म्हणजे माझ्या मेहुण्यासारखंच," तो म्हणाला.

काउंटीच्या कचेरीतल्या बाईंना मात्र ते इतकं सोपं वाटलं नाही. त्यांनी विचारलं, हे पाळीव जनावर की गुरं? गुरं म्हणाल तर तुमचं आवार लहान पडतं. पाळीव म्हणाल तर रेबीजची लस टोचल्याचा दाखला आणा. वेंडेल गुरांच्या डॉक्टरकडे गेला, तर तो म्हणाला लामासाठी म्हणून काढलेली तशी लसच नाही. वेंडेल परत कचेरीत गेला. बाई म्हणाल्या, मग लस निघेपर्यंत थांबा. शेवटी दुपारच्या जेवणाची वेळ झाली म्हणून बाईंनी लामाला 'इतर'मध्ये टाकलं. काउंटीभरात 'इतर'मध्ये तोवर फक्त एक मोर होता, तोही मेलेला.

पिल्लू आलं ते मार्चच्या बर्फात, आई मेलेलं, हातभर मान आणि बाकी सगळे पाय. नर होतं. ग्रेटाने त्याचं नाव बिस्किट ठेवलं. क्लबच्या प्रमुख मिसेस बर्कहोल्डर स्वतः बघायला आल्या. भारदस्त बाई, त्यांच्या आवाजाने बैलसुद्धा रांगेत उभे राहत. त्यांनी पिल्लाची खुरं बघितली, दात बघितले, आणि क्राऊस कुटुंबाला ओळीत उभं करून सांगितलं:

"नीट ऐका. बाटली द्यायची, पाठ फिरवायची, निघून यायचं. कुरवाळायचं नाही. घरात आणायचं नाही. याच्याशी बोबडं बोलायचं नाही. नर पिल्लू माणसाच्या अंगाखांद्यावर वाढलं की त्याला वाटतं माणूस म्हणजे लामाच. मग मोठं झाल्यावर ते दुसऱ्या नर लामाशी जे करेल ते माणसाशी करतं."

"काय करतं?" डोरीनने विचारलं.

"भांडतं. जीव खाऊन."

ग्रेटाने हे ऐकलं आणि त्या दिवसापासून अक्षरशः तसंच केलं. बाटली, पाठ, दार. वेंडेलनेही ऐकलं. पण त्याचं असं होतं की सावधगिरीच्या सूचना लिहिणं हे त्याच्याच खात्याचं काम. शिडीवर उलटं उभं राहू नये, पेटत्या शेगडीत पेट्रोल ओतू नये, हे सगळं तो आणि त्याचे सहकारी लिहीत, आणि कशासाठी लिहितात हे त्याला आतून माहीत होतं. पुढे कोणी रडत आलं तर दाखवायला. खरा धोका असता तर मिसेस बर्कहोल्डरनी सही घेतली असती, असं त्याचं म्हणणं.

शिवाय सल्ले काय एकट्या मिसेस बर्कहोल्डरच देत होत्या असं नाही. हॉलिस म्हणाला, कुत्र्यासारखं वाढव, कुत्रं कधी वाया गेलेलं बघितलंस? सासूबाईंनी फोनवरून सांगितलं, पोराला लोकरीचं काहीतरी घाल. त्याच्या अंगावर लोकरच आहे असं सांगितल्यावर म्हणाल्या, मग दुसरं घाल. औषधांच्या दुकानातला माणूस म्हणाला, आईविना पोर आहे, त्याला हृदयाचे ठोके ऐकू यायला हवेत. हा सल्ला वेंडेलला फार पटला. त्या रात्री पिल्लू कपडे धुण्याच्या खोलीत आलं, आठवड्याने दिवाणखान्यात आलं, आणि बेसबॉलचा मोसम सुरू झाला तेव्हा ते वेंडेलच्या मांडीवर बसून सामने बघत होतं.

"पोरगी फार कोरडी निघाली," वेंडेल डोरीनला म्हणाला. "बाटली देते आणि जाते. माझ्यावर नाही गेली."

"परमेश्वर आहे म्हणायचा," डोरीन म्हणाली.

त्याच्या गाडीचा आवाज आला की बिस्किट कुंपणाच्या कडेकडेने उड्या मारत यायचं. दिवसभर जळकी घरं बघून, बायाबापड्यांना नाही म्हणून आलेल्या माणसाला घरी आल्यावर कोणीतरी धावत सामोरं यावं, एवढीच तर गोष्ट. त्या घरात त्याच्यासाठी कोणी धावत आल्याला बराच काळ लोटला होता.

पहिल्या वर्षी जत्रेत सगळं दृष्ट लागण्यासारखं झालं. मधमाशीचे पंख लावून बिस्किट रिंगणात फिरलं, परीक्षकबाईंनी त्याचा गालगुच्चा घेतला, ग्रेटाला फीत मिळाली. खच्ची करायची वेळ आली तेव्हा गुरांचे डॉक्टर लुंडक्विस्ट यांनी दोनदा आठवण करून दिली. पण वेंडेलने दोन्ही वेळा गाडी बिघडल्याचं सांगितलं. हा विषय निघाला की तो स्वतःच पाय जुळवून बसायचा. शेवटी डोरीनने ते काम उरकून घेतलं, तोवर उशीर झाला होता. बिस्किटाला लोकांबद्दल जे काही मत बनवायचं होतं ते बनवून झालं होतं.

दोन वर्षांचा झाल्यावर ते मत तो उघड मांडायला लागला. वेंडेलचं सुरुवातीला सांगितलंच. त्यानंतर पोस्टमन. पोस्टमनने पेटीत पत्रं टाकायला हात पुढे केला, तेवढ्यात कुंपणावरून एक लांब मान आली आणि त्याची टोपी घेऊन गेली, टोपीबरोबर थोडे केसही. मग पोस्टाने क्राऊसांचं टपाल द्यायचं बंद केलं. मग गॅसचं मीटर वाचायला येणारा माणूस मीटरवरच चढून बसला. हॉलिस मदतीला गेला आणि दोघंही मीटरवर. मग विमा कंपनीने क्राऊसांच्या घराची पॉलिसी रद्द केली, म्हणजे वेंडेलच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाने. त्याने खुर्ची नुसती वळवून सांगितलं.

"मनाला लावून घेऊ नकोस, वेंडेल. गोड शब्दांत कसं सांगायचं ते तुझ्याकडूनच शिकलोय."

वेंडेल घरी गेला आणि शेडच्या मागे उभा राहून बिस्किटाला हाक मारली. बिस्किट धावत आला. धावत येणं तेच होतं, फक्त थांबणं नव्हतं.

गंमत अशी की ग्रेटाला त्याने एकदाही हात लावला नाही. म्हणजे मान लावली नाही. ती म्होरकी घेऊन गेली की तो मान खाली घालायचा, दोरीत शिरायचा आणि तिच्या मागून शाळेतल्या पोरासारखा चालायचा. कारण ग्रेटा त्याच्या लेखी माणूस होती. वेंडेल लामा होता.

मे महिन्यात मिसेस बर्कहोल्डर आल्या. त्या आवाराच्या फाटकातच थांबल्या, गाडीतून उतरल्यासुद्धा नाहीत.

"अशा जनावराचं एकच करतात," त्या म्हणाल्या. "हे दुसऱ्याला देता येत नाही. दिलं आणि उद्या कोणाच्या पोराची मान मोडली तर ते तुमच्या डोक्यावर. डॉक्टर लुंडक्विस्टना फोन करा."

ग्रेटा पायरीवर बसली होती. तिने वेंडेलकडे बघितलं नाही. डुकराच्या वेळी ती निदान रडली होती.

"एक संधी द्या," वेंडेल म्हणाला.

"त्याला की तुम्हाला?"

पण बाई दगड नव्हत्या. त्यांनी नेट्टी स्लोकमला विचारलं. नेट्टी वर टेकड्यांत एकटी राहायची आणि मेंढ्या राखायची. कोल्ह्या-लांडग्यांपासून कळप सांभाळायला तिला एक लामा हवा होता. ती येऊन कुंपणाबाहेर घडीच्या खुर्चीत बसली, बिस्किटाकडे बघत तिने अर्धा दिवस काढला, आणि ग्रेटाला म्हणाली:

"माझ्याकडे वर्षातून दोन-तीन माणसं येतात, त्यातली एकही मला आवडत नाही. तेव्हा थोडंफार चालवून घेईन. पण मेंढ्या कातरायला पोरं येतात, त्यांना इजा झालेली चालणार नाही. जत्रेत बघते. एवढ्या गर्दीत तो शहाण्यासारखा वागला तर शनिवारी मी त्याला ट्रेलरमध्ये घालून नेते. नाही वागला तर मी काही म्हणणार नाही, खुर्ची घडी करून निघून जाईन. समजून घ्यायचं."

आता सगळं एका जत्रेवर आलं. ग्रेटाने उन्हाळाभर त्याला फिरवला. लाकडी पुलावरून, डब्यातल्या पाण्यातून, हॉलिसच्या वाळत घातलेल्या चादरींमधून. मुद्दाम अनोळखी लोकांना बोलावून त्यांच्याकडून त्याची पाठ थोपटून घेतली. पोस्टमनही आला, स्वतःहून, हेल्मेट घालून. बिस्किट ग्रेटाच्या हातात दोरी असेपर्यंत कोणालाही काही करत नव्हता. फक्त एकच माणूस, वेंडेल, दिसला की त्याचे कान मागे जायचे आणि घशातून गुळण्या केल्यासारखा आवाज यायचा.

जत्रेच्या आदल्या दिवशी जेवताना ग्रेटा म्हणाली, "डॅड, तू येऊ नकोस."

"कुठे?"

"तुला माहितीये कुठे."

"मी तुझी एकही स्पर्धा चुकवलेली नाही."

"म्हणूनच सांगतेय."

डोरीनने मक्याची कणसं पुढे सरकवली. वेंडेलने एक घेतलं, दोन्ही बाजूंनी बघितलं आणि परत ठेवलं. "बरं," तो म्हणाला. "नाही येत."

आणि खरंच त्याचा जायचा विचार नव्हता. सकाळी मायलेकी ट्रेलर घेऊन गेल्यावर त्याने गवत कापलं. मग पन्हळ साफ केली. मग शांतपणे बसून, जसा तो कुठल्याही दाव्याचा करायचा तसा, धोक्याचा हिशोब केला. लामाला दिसतो आपण. पण टोपी घातली, काळा चष्मा लावला, सगळ्यात वरच्या बाकावर बसलो, पुढे एखादा रुंद माणूस असला, तर दिसण्याची शक्यता किती? नगण्य. तोंड उघडलं नाही तर त्याहून कमी. इतक्या कमी धोक्याला तर त्याची कंपनीसुद्धा पॉलिसी देते. लामाची नजर टेकडीपलीकडचा कोल्हा हेरते ही बाब त्या हिशोबात कुठे बसवायची हे न कळल्यामुळे त्याने ती सोडून दिली.

जत्रेत लामांच्या शेडला नेहमीसारखी गर्दी होती. वेंडेलला हवा तसा रुंद माणूस मिळाला. वरच्या बाकावर त्याच्या मागे तो असा बसला की त्याला स्वतःलाही रिंगण अर्धंच दिसत होतं. समोरच्या कठड्यापाशी नेट्टी स्लोकम तिच्या घडीच्या खुर्चीत, मांडीवर भाजलेल्या शेंगांची पिशवी. रिंगणात पोरं आपापली जनावरं घेऊन उभी. लामा उंच आणि तुसडे, शेजाऱ्याशी अबोला धरल्यासारखे. त्यांचे भाऊबंद अल्पाका बुटके, फुगीर, नुकत्याच ब्यूटी पार्लरमधून आलेल्या मावश्यांसारखे.

आडव्या काठ्या, पूल, मागे चालणं, अनोळखी माणसाने अंगाला हात लावणं. बिस्किटाने सगळं इतकं चोख केलं की परीक्षकबाईंनी चष्मा काढून पुसला. एका पोराच्या अल्पाकाने मध्येच बसकण मारली, दुसरा थुंकला आणि ते थेट काउंटी मंडळाच्या सभासदाच्या सरबतात पडलं, पण बिस्किटाने मान वळवून बघितलंसुद्धा नाही. नेट्टीने शेंगांची पिशवी बाजूला ठेवली आणि मिसेस बर्कहोल्डरना काहीतरी सांगितलं. मिसेस बर्कहोल्डरनी मान हलवली. होकारार्थी. वेंडेलने वरून ते बघितलं. तो तेव्हाच उठून गेला असता तर ही गोष्ट इथेच, अशी गोड संपली असती.

पण मग वेषभूषेची स्पर्धा सुरू झाली. पोरं जनावरांना नटवतात, स्वतःही नटतात, आणि त्यांनी लिहून दिलेलं दोन-चार वाक्यांचं वर्णन ध्वनिक्षेपकावर वाचून दाखवतात. एक अल्पाका लग्नाचा केक झाला होता. एक लामा चाच्यांचं गलबत, त्याचं शीड सारखं त्याच्याच तोंडावर येत होतं. मग ग्रेटा आली.

ग्रेटाने म्हाताऱ्या बाईचा झगा घातला होता, चेहऱ्याला काजळी फासली होती, हातात जळलेल्या खिडकीची चौकट. आणि तिच्या मागून बिस्किट येत होता, अंगात करडा कोट घालून. लांब मानेभोवती पट्ट्यापट्ट्यांचा टाय. कोटाच्या खिशाला पेन. वेंडेलने टाय ओळखला. मग कोट ओळखला. तो कोट धुलाईला दिलाय असं डोरीन सोमवारपासून सांगत होती.

ध्वनिक्षेपकावरच्या माणसाने घसा साफ केला आणि वाचलं: "हा बिस्किट. हा विमा कंपनीत दावे तपासतो. तुमचं घर जळालं की हा येतो, सगळं नीट बघतो, आणि सांगतो की फार वाईट झालं, पण हे पॉलिसीत बसत नाही."

शेड खदखदून हसली. काउंटीतल्या अर्ध्या लोकांच्या घरी बिस्किट येऊन गेलेला होता. रुंद माणूस इतका हसला की बाक हलायला लागलं. वेंडेल आधी लाजला, मग त्याला राग आला, मग आपण टोपी-चष्मा लावून आलोय हे बरं झालं असं वाटलं. ध्वनिक्षेपकावरचा माणूस हसू थांबायची वाट बघत होता. थांबल्यावर त्याने पुढचं वाचलं:

"संध्याकाळी घरी आल्यावर त्याला कोणाला तरी मिठी मारायची असते. पण घरात तेव्हा कोणीच मोकळं नसतं."

यावरही लोक हसले. थोडे कमी.

आपण उभे कधी राहिलो हे वेंडेलला पुढेही कधी सांगता आलं नाही. तो उभा राहिला होता, टोपी हातात होती, आणि चष्मा काढल्याशिवाय डोळे पुसता येत नाहीत म्हणून चष्माही हातात होता. खालून हॉलिस ओरडला, "अरे वेंडेल, तू तर येणार नव्हतास ना?"

बिस्किटाने मान वर केली.

पहिल्यांदा तो आवाज आला, गुळण्यांसारखा. मग ग्रेटाच्या हातातली दोरी अशी निसटली की तिच्या तळव्यांची सालटी निघाली. "डॅड, बस, खाली बस," ती म्हणत होती, मोठ्याने नाही, अगदी घरातल्यासारखी. कठडा त्याने एका उडीत पार केला. बाकांवर एवढी माणसं, म्हाताऱ्या बाया, तान्ही पोरं, आइसक्रीमचे कोन. पण बिस्किटाने कोणालाही धक्का लावला नाही. पायऱ्यांवरून, टाय उडवत, कोटाची शेपटं उडवत तो सरळ एका माणसाकडे गेला. त्याला बाकीच्या जगाशी काही कर्तव्य नव्हतं.

वेंडेलला पळता आलं असतं असं नंतर बरेच जण म्हणाले. तो पळाला नाही. त्याने हात पुढे केले.

मग दोघंही बाकांच्या मागच्या बाजूने खाली गेले, वाळलेल्या गवताच्या गठ्ठ्यांवर. पोस्टमन आणि तीन-चार पोरांनी मिळून लामाला मागे ओढेपर्यंत वेंडेलच्या दोन बरगड्या आणि गळ्याजवळचं एक हाड गेलं होतं, आणि डाव्या कानाचा थोडा भागही. स्वतःचाच कोट स्वतःच्या छातीवर नाचताना बघण्याचा मान काउंटीत आजवर दुसऱ्या कोणाला मिळालेला नाही. ग्रेटाने जाऊन दोरी हातात घेतली, आणि बिस्किट लगेच शांत झाला. मान खाली घालून तिच्या मागून चालत गेला. धाप लागली होती एवढंच.

ध्वनिक्षेपकावरच्या माणसाला काय करावं ते सुचेना, म्हणून त्याने निकाल वाचून टाकला. वेषभूषेत पहिला नंबर ग्रेटा क्राऊस आणि बिस्किट.

नेट्टी स्लोकमने खुर्ची घडी केली.

प्रथमोपचाराच्या तंबूत वेंडेलला पाठीवर झोपवलं होतं. ग्रेटा शेजारी येऊन बसली, तळव्यांना पट्ट्या, झग्यावर पहिल्या नंबरची निळी फीत कोणीतरी टोचलेली. बाहेर कुठेतरी बँडचा सराव चालला होता आणि एक माणूस मक्याच्या लाह्यांचे लाडू विकत होता.

"तू उभा का राहिलास?" तिने विचारलं.

"ते वाचलं ना त्यांनी."

"ते विनोदी होतं, डॅड. लोक हसले."

"हो. छान लिहिलं होतंस."

ती बराच वेळ पट्टीची गाठ सोडत आणि बांधत बसली. "त्याला घ्यायला ती तयार झाली होती," ती म्हणाली. "मिसेस बर्कहोल्डरना तिने सांगितलं होतं. मला ऐकू आलं."

वेंडेलला यावर गोड शब्दांत काही सांगायला सुचलं नाही. नशीब.

सोमवारी सकाळी डॉक्टर लुंडक्विस्ट आले. हॉलिसने आवाराच्या टोकाला खड्डा काढून ठेवला होता. त्याने गेल्या वर्षी फावड्याचा छोटा ट्रॅक्टर घेतला होता आणि तो वापरायला त्याला निमित्त हवं होतं; असलं नको होतं, असं तो स्वतःच दोनदा म्हणाला. डॉक्टरांनी दारातच विचारलं, जनावर कोण धरणार? डोरीनने वेंडेलकडे बघितलं. वेंडेलचा हात गळ्यात बांधलेला होता.

"मी जातो त्याच्याजवळ," वेंडेल म्हणाला. "माझ्यामुळे झालं सगळं. मी असायला हवं."

"तू गेलास तर तो उधळेल," ग्रेटा म्हणाली. तिने म्होरकी आधीच हातात घेतली होती. "आणि मग भांडत भांडत जाईल. तू आत थांब. पडदे ओढ. त्याला दिसू नकोस."

वेंडेलने पडदे ओढले. मग तो दिवाणखान्याच्या मधोमध उभा राहिला, कारण कुठेही बसलं तरी आवाज होईल असं त्याला वाटलं. डोरीनने त्याच्या पाठीवर हात ठेवला. बाहेरून ग्रेटाचा आवाज येत होता, पण शब्द कळत नव्हते. दोन वर्षं त्या जनावराशी कामाव्यतिरिक्त एक शब्द न बोललेली पोर आता थांबत नव्हती.

मग ती थांबली.

थोड्या वेळाने मागचं दार वाजलं. हॉलिस होता, टोपी काढलेली. "एक माणूस कमी पडतोय," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणतात ओढायचा नाही, उचलायचा. तू हाताने असा, पण तरी."

वेंडेल बाहेर आला. शेडच्या सावलीत ताडपत्रीवर बिस्किट कुशीवर पडला होता, पाय मुडपून, जसा पिल्लू असताना झोपायचा. वेंडेल चालत जवळ गेला. पुढे जाताना त्याचे खांदे आपोआप आक्रसले आणि चांगला हात छातीपुढे आला. मग त्याने तो हात खाली घेतला. कित्येक महिन्यांत त्याला बिस्किटाच्या एवढ्या जवळ कोणी जाऊ दिलं नव्हतं.

डॉक्टर मागच्या पायांपाशी, हॉलिस मध्ये, डोरीन त्याच्या समोर. ग्रेटा डोक्यापाशी बसली होती. तिने बापाला उभं असलेलं बघितलं, आणि सरकून जागा केली.

"डोकं तू धर, डॅड," ती म्हणाली. "मी मान धरते."

वेंडेल खाली बसला. एका हाताने डोकं उचलत नव्हतं, म्हणून त्याने ते कोपरात घेतलं, आणि सगळे म्हणाले एक, दोन, आणि उचललं.